फळमाशीचा वैरी, कष्टकऱ्याचा सोयरा

विरारहून निघालेली बस आगाशी मागे टाकून अर्नाळ्याकडे वळली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या लागतात. केळी, नारळ, मांडवावर चढलेली कारली-दुधी-तोंडली, मध्येच आंब्याचे, चिकूचे, पेरूचे झाड. पुढे समुद्र आणि समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे इथे हवा खायला येतात. त्यांना ही वाडी हिरवीगार दिसते. पण त्या वाडीत राबणाऱ्या बाईला विचारले तर वेगळेच ऐकायला मिळते. अशाच एका वाडीत मांडवाखाली गळून पडलेल्या कारल्यांचा ढीग एका मावशींनी मला दाखवला. वरून कारले ठीकठाक, फक्त एका जागी सुई टोचल्यासारखा ठिपका आणि त्याच्याभोवती पिवळेपणा. विळ्यावर चिरले तर आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ! एवढे औषध मारूनही आत कीड शिरते कशी, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल एकट्या त्यांचा नाही. कोकणातल्या आणि देशावरच्याही प्रत्येक वेलभाजीवाल्याचा तो सवाल आहे.

उत्तर साधे आहे. हे काम फळमाशीचे. आंबा, पेरू, चिकू नासवणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही एक आणि कारली, दुधी, काकडी, तोंडली नासवणारी तिची चुलत बहीण, म्हणजे वेलभाज्यांवरची फळमाशी, ही दुसरी. मादी आपल्या शेपटीकडच्या सुईने फळाची साल टोचते आणि सालीखाली अंडी घालते. दीड-दोन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात, फळ सडते, गळून पडते. मग अळी फळाबाहेर पडून मातीत शिरते, बोटभर खोल जाऊन कोष करते आणि हवा उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत नवी माशी मातीतून वर येते. म्हणजे माशी होईपर्यंतचा सारा काळ ही कीड एक तर फळाच्या पोटात असते, नाहीतर मातीच्या पोटात. आणि आपण औषध मारतो कुठे? पानावर आणि सालीवर! आतल्या अळीला त्याचा फारसा पत्ताही लागत नाही. उपयोग होत नाही म्हणून औषधाची मात्रा वाढते, आठवड्याची फवारणी चार दिवसांवर येते, दुकानदाराची उधारी चढते आणि कारले किडकेच्या किडके राहते.

मग हे औषध लागते तरी कुणाला? पहिल्यांदा लागते ते फवारणाऱ्याला. पाठीवर पंप घेऊन मांडवाखाली शिरणारा माणूस वाडीचा मालक असतोच असे नाही. पुष्कळदा तो रोजंदारीवरचा आदिवासी असतो, नाहीतर कामाच्या शोधात आलेला भूमिहीन मजूर असतो. मांडव डोक्याच्या वर, म्हणून फवाराही डोक्याच्या वर. वारा फिरला की सगळे तोंडावर आणि छातीवर. तोंडाला बांधलेला रुमाल हाच त्याचा मुखवटा आणि पायातली स्लिपर हेच त्याचे बूट. बादलीत औषध कालवणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाया तर कुणाच्या मोजदादीतच नसतात. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले, तेव्हा महाराष्ट्राला चार दिवस जाग आली. नंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने बारा कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यांत कार्बारिल आणि फेन्थिऑन होते. डायक्लोरव्हॉस हे तर फळमाशीच्या सापळ्यांत वर्षानुवर्षे घातले गेलेले औषध. त्याला २०२० च्या अखेरपर्यंत मुदत देऊन मग ते बंद झाले. ज्या विषाला सरकारने स्वतःच घातक ठरवले, ते तोवर ज्यांच्या नाकातोंडात गेले त्यांचा हिशेब कुणी मांडला? त्यांना कुणी दवाखान्यात बोलावून तपासले? बंदी येते ती विषावर. विष प्यालेल्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही.

याचा अर्थ कीड येऊ द्यावी आणि गप्प बसावे असा नाही. वेलाची निम्मी कारली गळाली तर मजुराची मजुरीही गळते, हे वास्तव आहे. प्रश्न इतकाच की, फळाच्या पोटात लपलेल्या अळीपर्यंत पोचणारे दुसरे कुणी आहे काय? आहे. निसर्गाने ते केव्हाच तयार करून ठेवले आहे. साळीच्या दाण्याहूनही लहान अशी एक बारीक कंबरेची गांधीलमाशी असते. गांधीलमाशी म्हटले म्हणून घाबरू नये, ही माणसाला डंख मारत नाही. तिच्या शेपटीला केसासारखी लांब सुई असते. ती फळावर बसते, आत अळीची हालचाल कुठे आहे याचा अंदाज घेते आणि सालीतून सुई खुपसून थेट अळीच्या अंगात आपले अंडे घालते. फळमाशीची अळी मोठी होते, मातीत जाते, कोष करते. पण त्या कोषातून फळमाशी बाहेर येत नाही. तिला आतून खाऊन वाढलेली ही मित्रमाशी बाहेर येते. हिचीच एक जात, फोपियस अरिसानस, तर त्याहून चलाख आहे. ती अळीची वाटच पाहत नाही. फळमाशीने घातलेल्या अंड्यातच ती आपले अंडे ठेवून जाते.

शास्त्रज्ञ हिला परोपजीवी कीटक म्हणतात. हा शब्द आपल्या कानाला बरा लागत नाही. दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्या बांडगुळांची ओळख आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण बांडगूळ झाडाला जिवंत ठेवून त्याचा रस पीत राहते. ही मित्रमाशी तसे करत नाही. ती ज्या किडीवर वाढते त्या किडीला संपवूनच बाहेर पडते. आणि ती कीड कष्टकऱ्याच्या ताटातला घास खाणारी असते. म्हणून नाव परोपजीवी असले तरी ती सोयरी आपली आहे.

आता एक गोष्ट वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. हे ज्ञान परदेशातून आलेले नवे खूळ नाही. त्याचा एक मोठा धागा याच देशाच्या मातीतून निघाला आहे. वेलभाज्यांवरची फळमाशी मूळची आपल्याच भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या काकडी-खरबुजाच्या शेतीचा तिने सत्यानाश केला. तिथल्या सरकारने विचार केला की, ही माशी जिथून आली तिथे ती एवढा उच्छाद का मांडत नाही? तिथे तिचा कुणीतरी वैरी असला पाहिजे. तो शोधायला डेव्हिड फुल्लावे नावाचा कीटकशास्त्रज्ञ भारतात आला आणि १९१६ मध्ये इथली एक मित्रमाशी जहाजाने हवाईला गेली. तिला नाव मिळाले ते बिहारमधल्या पुसा येथील संस्थेतले इंग्रज सरकारचे कीटकशास्त्रज्ञ फ्लेचर यांचे. ‘फ्लेचेरी’ हे तिचे नाव आजही शास्त्राच्या पुस्तकांत आहे. ज्या मातीत ती वाढली त्या मातीत राबणाऱ्यांच्या भाषेत मात्र तिला अजून नाव नाही.

त्याच पुसा येथे त्याच काळात आणखी एक शोध लागला होता. हॉलेट नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये नोंद केली की, डास पळवायला वापरलेल्या गवती तेलाच्या वासाकडे फळमाशीचे नर झुंडीने येतात. पुढे १९१५ मध्ये त्याने दाखवले की, त्यांना खेचणारा पदार्थ मिथाइल युजेनॉल हा आहे. आपल्या तुळशीतही तो असतो. आज जगभर फळमाशीचे जे सापळे टांगले जातात त्यांतल्या फार मोठ्या भागाचे मूळ या शोधात आहे. म्हणजे सापळाही इथला आणि मित्रमाशीही इथली! शंभर वर्षांपूर्वी हे दोन्ही सापडूनही अर्नाळ्याच्या मावशींपर्यंत पोचला तो फक्त विषाचा डबा. असे का झाले? कारण डबा विकून नफा होतो. रानात फुकट वाढणारी मित्रमाशी डब्यात भरून विकता येत नाही, म्हणून तिचा प्रचार करायला गावोगाव एजंट फिरत नाहीत.

हवाईची पुढची कहाणीही बोलकी आहे. १९४५ च्या सुमारास आंबा-पेरूवरची आपली ती दुसरी फळमाशी, डॉर्सालिस, तिथे पोचली. मग आशियाभर माणसे धाडून तीसच्या वर जातींचे नैसर्गिक शत्रू तिथे नेले गेले. त्यांतल्या मोजक्याच टिकल्या आणि सर्वांना मागे टाकून पुढे आली ती फोपियस अरिसानस. तिने तिथल्या फळमाशीचा जोर कायमचा कमी केला. १९९६ मध्ये हीच फळमाशी ताहिती बेटावर घुसली, तेव्हा २००२ नंतर तिथेही फोपियस सोडली गेली आणि चार-पाच वर्षांत फळांतल्या निम्म्याच्या आसपास फळमाश्या तिच्या तावडीत सापडू लागल्या. २००३ मध्ये आफ्रिकेत केनियात ही फळमाशी आढळली आणि बघता बघता ती खंडभर पसरली. तिथल्या आंबा उत्पादकांसाठीही हवाईहून फोपियस नेली गेली. या मित्रमाशीचे मूळ घर आशियात आहे आणि भारतातही तिची नोंद आहे. म्हणजे जग ज्या सोयऱ्याला सन्मानाने बोलावून नेते, त्याला आपण मात्र घरातच विष घालतो!

पण इथे भाबडेपणा करून चालणार नाही. मित्रमाशी आणली की फळमाशी संपली, असे कुठेच घडलेले नाही. जे सांगायचे ते खरे सांगितले पाहिजे, नाहीतर आपल्यात आणि औषध विकणाऱ्या एजंटात फरक काय राहिला? हवाईत आपल्याकडून गेलेल्या फ्लेचेरीने रानातल्या लहान लहान रानकारल्यांत उत्तम काम केले. तिथे तिने फळमाशीच्या अळ्या मोठ्या संख्येने मारल्या. लागवडीच्या शेतात मात्र तिचे काम कमी पडले. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. लागवडीचे फळ मोठे, त्याचा गर जाड आणि अळी खोल. मित्रमाशीची सुई तिथवर पोचत नाही. दुसरे म्हणजे शेतात फवारणी असते, आणि सालीवर बसून अळीचा शोध घेणाऱ्या मित्रमाशीला ते औषध अळीच्या आधी लागते. आतली अळी वाचते आणि बाहेरचा सोयरा मरतो. ज्या वाडीत दर चार दिवसांनी फवारा चालतो तिथे मित्रमाशी टिकेल कशी?

तिसरे कारण आपल्या हातातले आहे, म्हणून त्यावर जरा थांबले पाहिजे. गळलेल्या किडक्या फळांचे आपण काय करतो? एक तर ती बांधावर, रस्त्याच्या कडेला फेकतो. त्यातून शेकडो फळमाश्या पुन्हा वाडीत येतात. नाहीतर कृषी सहायक सांगतात त्याप्रमाणे खड्ड्यात खोल पुरतो किंवा जाळतो. फेकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. पण त्यात फळमाशीबरोबर तिच्या पोटात वाढणारी मित्रमाशीही मरते. चोराबरोबर पहारेकरीही पुरला जातो. यावर हवाईतल्या लोकांनी एक तोडगा काढला, जो आपल्या एखाद्या बचत गटालाही सहज जमेल. त्यांनी जाळीचा एक तंबू केला. गळलेली सगळी फळे रोज वेचून त्या तंबूत टाकायची आणि तंबू खाली मातीने दाबून बंद करायचा. जाळीची भोके अशी की जाड अंगाची फळमाशी आतच अडकते आणि बारीक अंगाची मित्रमाशी सहज बाहेर पडून वाडीत जाते. आत राहिलेला फळांचा लगदा कुजून खत होतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या शेतकऱ्यांनीही हा तंबू वापरला. तिथल्या चाचणीत दोन मिलिमीटरहून थोडी लहान चौकोनी भोके योग्य ठरली. यात यंत्र नाही, वीज नाही, विष नाही. लागते ती जाळी, चार बांबू आणि रोज फळे वेचणारे हात.

आणि हीच खरी मेख आहे. एकट्याने तंबू उभारून भागत नाही. फळमाशीला सातबारा वाचता येत नाही. या वाडीतली माशी त्या वाडीत जाते. अर्नाळ्याच्या किनाऱ्याला रिसॉर्ट आहेत, बंद पडलेले बंगले आहेत. त्यांच्या आवारात आंबे, पेरू झाडाखाली सडत असतात. मालक मुंबईला आणि त्याच्या अंगणात वाढलेली माशी गरिबाच्या मांडवावर! ज्याची वाडी दहा गुंठ्यांची आहे त्याने एकट्याने कितीही केले तरी शेजारच्या दोन एकरांतली माशी त्याला पुरून उरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले होते की, जमिनीचा तुकडा किती मोठा यावरच शेती परवडण्याचे गणित ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती मिळते, हे त्याबरोबर पाहावे लागते. शंभर वर्षांनंतर फळमाशीच्या निमित्ताने तोच मुद्दा पुढे येतो. छोट्या वाडीवाल्याला आणि त्याच्याकडच्या मजुराला लागणारे साधन हे गावाचे सामाईक साधन असायला हवे. विहिरीचे पाणी सगळ्यांचे असावे यासाठी ज्यांना लढावे लागले, त्यांना सामाईक या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सापळ्यांच्या बाबतीतही तेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा फळमाशी सापळा तयार केला, तो आंबा बागायतदारांत चांगला परिचित आहे. पण त्यातले मिथाइल युजेनॉल आंबा-पेरूवरच्या माशीचे नर ओढते. कारल्यावरच्या माशीला त्याचे आकर्षण नाही, तिच्यासाठी क्यू-ल्यूर लागते. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवावर टांगून काहीच सापडत नाही म्हणून कपाळावर हात मारण्याची पाळी येते, ती मूळ माहितीच न मिळाल्याने येते. शिवाय सापळ्यात सापडतात ते नर. थोडे नर उरले तरी माद्यांचे काम चालू राहते. म्हणून गावभर, एकाच वेळी, सगळ्या वाड्यांत सापळे लागले तरच फरक पडतो. सापळा बाहेरची माशी कमी करतो, मित्रमाशी फळाच्या आतली अळी मारते आणि तंबू गळलेल्या फळांचा बंदोबस्त करतो. या तिन्हींची जोडी जमली तर फवारणीची गरज खूप कमी होते, हे हवाई आणि रियुनियनने करून दाखवले आहे.

आमच्या राज्यकर्त्यांना फळमाशीची तीव्रता कळत नाही असे नाही. युरोपियन युनियनने १ मे २०१४ पासून भारतातून येणारा आंबा आणि कारले, पडवळ, वांगे, अळू या भाज्या बंद केल्या, कारण मालात फळमाशी आणि इतर किडी सापडत होत्या. बरोबर महाराष्ट्र दिनी! त्या वेळी दिल्लीपासून मुंबईपर्यंत धावपळ झाली, बैठका झाल्या, आंब्यावर गरम पाण्याची आणि वाफेची प्रक्रिया करून तपासणी कडक केली गेली आणि २०१५ च्या हंगामाआधी आंब्यावरची बंदी उठलीही. भाज्यांना मात्र थांबावे लागले. निर्यातदाराचे जहाज अडले तर यंत्रणा हलते. पण तेच कारले पिकवताना एखाद्या मजुराला चक्कर आली, उलट्या झाल्या तर त्याला लिंबूपाणी पाजून सावलीत बसवले जाते आणि दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा त्याच्याच पाठीवर चढतो. त्याच्यासाठी कुठे बैठक होते?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. कृषी खात्याने गावातल्या सगळ्या वाड्यांना, आणि मालक नसलेल्या कसणाऱ्यांनाही, योग्य गंधाचे सापळे एकाच वेळी द्यावेत. ग्रामपंचायतीने फळे वेचण्याचे काम महिला बचत गटांना रास्त मजुरी देऊन सोपवावे आणि रिसॉर्ट-बंगलेवाल्यांनी आपल्या आवारातली गळलेली फळे त्या तंबूत पोचवणे बंधनकारक करावे. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र याच पालघर जिल्ह्यात आहे आणि बंगळुरूला कीटकांची राष्ट्रीय संस्था आहे. इथल्या वाड्यांत कोणत्या जातीच्या मित्रमाश्या आहेत याची पाहणी करून त्यांनी गावाला मराठीत सांगावे. बाहेरून नवा कीटक आणण्याची घाई कुणी करू नये. त्याला तपासणी लागते, सरकारी परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. आधी घरातला सोयरा ओळखावा.

तो ओळखायला सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. वाडीतली आठ-दहा किडकी कारली किंवा पेरू घ्या. एका बादलीत चार बोटे ओलसर वाळू घालून त्यावर ती ठेवा, वरून बारीक मलमलीचे फडके घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पिवळसर तपकिरी फळमाश्या बाहेर येतील. तेवढ्यावर बादली ओतून देऊ नका. मित्रमाशी तिच्यामागून काही दिवसांनी बाहेर येते. महिनाभर थांबा आणि मग मोजा. लांब मिशांच्या, बारीक कंबरेच्या, शेपटीला केसासारखी सुई असलेल्या माश्या किती निघाल्या आणि फळमाश्या किती, हे वहीत लिहा. फवारणी होणाऱ्या वाडीतली एक बादली आणि न होणाऱ्या वाडीतली एक बादली, असे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. ज्या गावाकडे असे आकडे असतील त्या गावाला औषधाच्या दुकानदाराशी, कृषी अधिकाऱ्याशी आणि वाडीच्या मालकाशीही ताठ मानेने बोलता येईल. आणि पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरालाही विचारता येईल की, ज्या फवाऱ्याने आतली अळी मरत नाही, उलट तिचा वैरी मरतो, तो फवारा मी माझ्या छातीवर का घेऊ?